गोजरबाईंनी पारखलेला नीलम

माझ्या सासूबाई, गोजरबाई, देवालासुद्धा पहिल्या भेटीत विश्वासानं हात जोडणाऱ्या नव्हत्या. राजूरच्या गणपतीला नारळ फोडला की पुजाऱ्यानं परत दिलेली वाटी आपल्याच नारळाची आहे का, हे त्या पायरीवर बसून निरखत. तेल विकणारा आमच्या गावात, धावड्यात, आला की आमचं दार टाळून पुढं जाई. आणे जाऊन नवे पैसे निघाले तेव्हा भोकरदनच्या मोटारीत त्यांनी कंडक्टरला चांगलंच धारेवर धरलं होतं. "सरकारनं काढले म्हणतोस? मंग सरकारला सांग, मला जुनेच पायजेत." मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी आधी माझ्या पेटीचं कुलूप पाहिलं. म्हणाल्या, "कुलूप कामून? आमच्यावर भरोसा न्हाई का?" भरोसा हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला हसू फुटलं, आणि ते त्यांनी पाहिलं. तेव्हापासून आमचं तसं बेताचंच होतं.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. माझ्या मालकांचं नाव धर्मराज. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण आता लिहायला बसले तर घेतल्याशिवाय भागत नाही.

नव्या पैशांच्या पुढच्याच उन्हाळ्यात धर्मराजचं काही धड होईना. विहिरीचं काम काढलं, ती एका बाजूनं ढासळली. बैल आणला, त्याला पान लागलं, साप चावून तो गेला. चुलत्याच्या घरी लग्नात यांनी मांडवाची मेढ धरली आणि वारा येऊन मांडव बसला. कुणीतरी हसत म्हणालं, "धर्मराजचा हात लागला की झालं!" म्हणणारा जेवून घरी गेला, पण ते वाक्य आमच्या घरात राहिलं.

धर्मराजनं हळूहळू कशालाही हात लावायचं सोडलं. तिफणीला नाही, म्हशीला नाही. ओट्यावर काखेत हात घालून बसायचे. आमची शैला तेव्हा रांगत होती. ती त्यांच्या धोतराला धरून उभी राहायची, वर बघायची, घ्या म्हणून हात पसरायची. हे उठून पलीकडे जाऊन बसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "घ्या की लेकराला!" तर म्हणाले, "माह्या हातानं तिला काही झालं तर? तू घे, उषा." त्या दिवशी मी चुलीपुढं बसून खूप रडले. लेकराला बाप असून नसल्यासारखा झाला होता.

शेवटी राजूरचे जोशी म्हणाले, शनीची पीडा आहे, नीलम घाला. मात्र नीलम म्हणजे खेळ नव्हे. मानवला तर तारतो, नाही मानवला तर घर बसवतो. म्हणून आधी निळ्या फडक्यात बांधून दंडाला लावायचा आणि आठवडाभर बघायचं. बरं गेलं तर चांदीत आंगठी करायची, वाकडं काही घडलं तर सराफाला परत. धर्मराज पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले, "आणा. आंगठी बोटात आली की मी पोरीला घेईन." मला तेवढंच पुरे होतं.

पण खडा आणणार कोण? धर्मराज तर खड्यालाही हात लावायला तयार नव्हते. मग शैलाला जावेकडं ठेवून आत्याबाई आणि मी जालन्याला निघालो. अस्सल नीलम दुधात टाकला की दूध निळं दिसतं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून घरच्या म्हशीचं दूध पितळी तांब्यात घेऊन, वर फडकं बांधून त्या मोटारीत बसल्या. वैशाखाचं ऊन. जालन्याच्या सराफ्यात पोचेपर्यंत दूध नासलं.

जगन्नाथशेठ सराफ शांत माणूस. त्यांनी गादीवर पांढरा कागद पसरून त्यावर खडे मांडले. त्यातला मोठा खडा मला आवडला, जांभळाकडं झुकणारा, डोळा ठरत नव्हता. शेठ म्हणाले, "बाई, त्यात रेघ आहे. शनीच्या खड्याला रेघ चालत नाही. हा लहान घ्या, स्वच्छ आहे."

आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या. "मोठा ठिवून लहान गळ्यात मारून राह्यला. काही तरी हाय." मग त्यांनी दूध मागितलं. समोरच्या हॉटेलातून कपभर आलं. त्यांनी कपात पाहिलं आणि शेठला म्हणाल्या, "हे आधीच निळं हाय. पाणी घालघालून." शेठ मोठ्यानं हसले. आत्याबाई बिलकुल हसल्या नाहीत. त्या एकेक खडा घेऊन उंबऱ्यावर उन्हात जात, परत येत. शेठच्या हातात दुसरा खडा नाही ना, हेही परत येताना बघत. निम्मी दुपार त्यात गेली.

शेवटी लहान खड्यावर आल्या. शेठ म्हणाले, "न्या घरी. बांधून बघा. मानवला तर पैशाचं बोलू."

"फुकट?"

"नीलम असाच देतात, बाई. रीतच आहे."

फुकट म्हटल्यावर त्यांचा जीव आणखीच वर-खाली झाला. नवरा गेल्यावर त्यांनी काकणं उतरवली, पण सोन्याच्या पाटल्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याच पाटल्या काढून त्यांनी शेठपुढं ठेवल्या. त्याआधी दोन्हींवर दातानं खूण केली. "बदलल्या तर वळखू येतील," हे त्यांनी शेठला ऐकू जाईल असंच सांगितलं.

घरी आल्यावर धर्मराजनं दंड पुढं केला. आत्याबाई म्हणाल्या, "येत्या शनवारी न्हाई, त्याच्या फुडच्या. तवर देवापशी ऱ्हाऊ दे."

मला हे काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या शेतात गेल्यावर मी देव्हारा धुंडाळला. देवांच्या टाकाखाली, घंटेखाली, अष्टगंधाच्या डबीत, कुठंच खडा नव्हता. मग माझं डोकं फिरलं. आत्याबाईंनी तो लेकीला, माझ्या नणंदेला दिला असेल. किंवा शेठचा संशय येऊन कुठं पुरून ठेवला असेल. मुलगा ओट्यावर वाळून चाललाय आणि ह्या खडा दडवून बसल्यात! मी त्यांच्या बटव्यावर नजर ठेवू लागले, त्या माझ्यावर. भाकरी थापताना आम्ही दोघी एकमेकींकडं तिरक्या बघायचो. "देव्हाऱ्यात कुणी हात घातलाता?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "मांजर असंल, आत्याबाई."

ठरलेला शनिवार उजाडायच्या आधीच तो प्रकार झाला. सकाळी गोठ्यात म्हशीनं लाथ झाडली आणि आत्याबाई दगडी गव्हाणीवर आदळल्या. हात कोपराच्या वर मोडला. मी आणि जाऊ त्यांना धरून ओसरीत आणलं. हाडं बसवणारे पुंजारामबाबा गावातच होते. हात सुजून चोळीची बाही रुतली होती, म्हणून बाबांनी ती कात्रीनं कापली.

बाहीखाली दंडाला निळं फडकं घट्ट बांधलेलं होतं.

बाबा थांबले. धर्मराज दारात उभे होते. मीच विचारलं, "आत्याबाई, हा तर यांना बांधायचा व्हता ना?"

"व्हता," त्या कण्हत म्हणाल्या. "पण तो सराफ मला माहीत न्हाई, जोशी माहीत न्हाई, खडा माहीत न्हाई. कुणाच्या भरोश्यावर लेकराच्या दंडाला बांधू? म्हटलं, आधी माहं काय करतो ते पाहू."

धर्मराजचा चेहरा उतरला. "माह्यापायी झालं हे. माहंच नशीब..."

"गप!" मोडल्या हातानिशी त्या अशा ओरडल्या की बाबा दचकले. "तू कशाला हात लावलाता? म्हशीला लावलाता? गव्हाणीला? मला तरी लावलाता का? तू तर काखेत हात घालून बसलाता. मंग माहा हात मोडला कसा? सांग!"

त्या गोंधळात शैला रांगत ओसरीच्या कडेला गेली होती. माझ्या मांडीवर आत्याबाईंचं डोकं होतं, जावेनं त्यांचा खांदा दाबून धरला होता. आत्याबाईंनीच पाहिलं आणि पडल्या पडल्या म्हणाल्या, "धर्मा, पोरगी पडंल. धर तिला. जल्दी!"

धर्मराजनं तिला धरलं. उचललं. ती त्यांच्या मिशीला लोंबकळली. ते तिला घेऊन नुसते उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडत होते. आत्याबाई तेवढ्या बाबांना बजावत होत्या, "तुमी हाड बराबर बसवा. तिकडं काय पाहून राह्यले?"

हात गळ्यात बांधून त्या खडा परत द्यायला निघाल्या, तेव्हा आम्ही सगळेच जालन्याला गेलो. शैला वाटभर धर्मराजच्या खांद्यावर होती. जगन्नाथशेठनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ज्याचा खडा त्यानंच बांधायचा असतो! तुमची रास वेगळी, त्याची वेगळी. तुम्ही बांधून काय कळणार? परत न्या, आता यांना बांधा."

"नगं," धर्मराज म्हणाले.

"मला कळायचं ते कळलं," आत्याबाई म्हणाल्या. "पाटल्या आणा."

त्यांनी दोन्ही पाटल्या उंबऱ्यावर उन्हात नेल्या आणि दातांच्या खुणा पाहिल्या. खुणा होत्या. तरी त्या शेठकडं थोडा वेळ बघत राहिल्या. मग घालायला गेल्या, तर एकाच हातानं जमेना, आणि दुसरा हात फळकुटांत बांधलेला. त्यांनी धर्मराजकडं पाहिलं, त्यांच्या खांद्यावर झोपलेल्या शैलाकडं पाहिलं, आणि पाटल्या माझ्या हातात ठेवल्या.

"गावापत्तूर तूच घाल," म्हणाल्या.

आणि धावडा येईपर्यंत माझ्या मनगटावरची नजर त्यांनी हलवली नाही.