भिंतीतून गेलेली ठिपक्यांची रेघ

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही आधी हसू येतं आणि मागून थोडी लाज वाटते.

मी तेव्हा सुरतेत, उधन्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात पीएसआय होतो. वडील धुळ्याहून आलेले, याच भागात यंत्रमागावर राबले. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो.

त्या महिन्यात एकाच गल्लीतल्या तीन कारखान्यांतून कापडाचे तागे गेले होते. तिन्ही वेळा भरदुपारी. गल्लीच्या दोन्ही तोंडांना कॅमेरे, पण माल नेणारा टेम्पो कशातच दिसेना. पीआय साहेब रोज हजेरीला विचारायचे, "काय, तागे उडून गेले का?"

मग चहाच्या लारीवाल्या बातमीदाराने खबर दिली. एक माणूस सायकलवरून कारखान्यांच्या मागच्या बाजूने फिरतो, थांबतो, मोबाईलमध्ये काहीतरी टिपतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही त्याला ठाण्यात आणलं. सायकलला दोन्हीकडे जेवणाचे डबे लटकलेले. हा धंदा म्हणजे आडोसा, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. फोन उघडायला लावला. नकाशावर खुणाच खुणा, आणि प्रत्येक खुणेला टीप: 'मागचं गेट', 'कुत्रं बांधलेलं', 'वॉचमन दीडला झोपतो', 'खिडकीतून हात जातो'.

आमचा हेड कॉन्स्टेबल खूश. "साहेब, आ तो आखो प्लान छे." म्हणजे, हा तर चोरीचा अख्खा बेतच आहे.

मी विचारलं, "रिचार्ज संपलंय तुझं. मग नकाशा चालतो कसा?"

"एकदा उतरवून घेतलाय, साहेब. नंतर नेट लागत नाही. मुलगी कॉलेजात आहे, तिने शिकवलं."

"कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा नाही. लोकच बनवतात. ज्याला जी वाट माहीत, तो ती टाकतो."

"फुकट? त्यांना पगार कोण देतं?"

"कानबाईच्या मिरवणुकीत पाणी वाटणाऱ्यांना कोण देतं, साहेब?"

कानबाई आमच्या खान्देशची देवी; माणूस आमच्याकडचाच निघाला. मी आवाज चढवला. तागे कुठे आहेत, साथीदार कोण, सगळं विचारून झालं. तो घड्याळाकडे बघत होता.

"मला आत टाका, पण डबे पोचू द्या," तो म्हणाला. "बायकोची खानावळ त्यावर चालते. आज माणसं उपाशी राहिली तर उद्या दुसरीकडे जातील. आणि चोरीत नेलेला माणूस म्हटल्यावर मला कुठलं गेट उघडेल?"

मी साध्या कपड्यांत त्याच्याबरोबर निघालो. पळाला तर धरू, हा हिशोब. पहिल्या खुणेपाशी खिडकीतून एक हात बाहेर आला, डबा आत गेला. दुसरीकडेही तसंच. आठ-आठ माग सांभाळणारा कामगार फाटकापर्यंत येऊ शकत नाही; तेवढ्यात धागा तुटतो. शेठला पुढून कुणी आलेलं चालत नाही, म्हणून डबा मागून जातो. त्याच्या टिपा गावाहून नव्या आलेल्या चुलतभावासाठी होत्या. त्याला गुजराती पाट्या वाचता येत नव्हत्या.

माझी आई वडिलांची भाकरी अशाच खिडकीतून द्यायची. बी.ए. झालेल्या मला ते आठवलं नव्हतं.

शेवटच्या दोन डब्यांची खूण आली. नकाशावर पायवाटेची ठिपक्यांची रेघ सरळ भिंतीतून पलीकडे गेली होती.

"इथे तर भिंत आहे."

"पत्रा आहे, साहेब. सरकवला की वाट. मीच टाकलीय ती नकाशावर. पलीकडे कापड रंगवायचं बंद पडलेलं डाईंग हाऊस आहे, तिथल्या रखवालदाराचे हे डबे."

"दोन्ही?"

"महिन्याभरापासून दोन घेतो. एकटाच आहे, पण भूक वाढली म्हणतो."

मी त्याला तिथेच थांबवलं. पंच बोलावले, पथक बोलावलं. आत ताडपत्रीखाली तागे रचून ठेवलेले, आणि त्यांवर बसून रखवालदाराचा साथीदार पाणी पीत होता, जेवणाची वाट बघत. माल गल्लीच्या तोंडाकडे गेलाच नव्हता, मागच्या पत्र्यातून पलीकडे सरकला होता. कॅमेऱ्यात दिसणार काय?

परतताना मी डबेवाल्याला 'तुम्ही' म्हणू लागलो होतो. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, काय चोरलं. डबे कुणाला देतो, हे कुठे विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी मी वर्दीत त्यांच्या सायकलीबरोबर सगळ्या गल्ल्या फिरलो, पुढच्या फाटकांनी. वॉचमन उठून उभे राहत होते. शेवटी त्यांच्या घरी गेल्यावर बायकोने मला भरीत वाढलं आणि ती म्हणाली, "आते रोज या, साहेब. गेटवर कोणी आडवत नही."

आता तो नकाशा माझ्याही फोनमध्ये आहे. सकाळी फिरताना पाण्याचे नळ, बसायचे बाक टाकतो. वडिलांच्या कारखान्याची ती खिडकीही टाकायला गेलो होतो. तिथे आता गोदाम आहे. डबेवाल्यांच्या मुलीने थांबवलं. "काका, जे डोळ्यांना दिसतं तेच टाकायचं. मनातलं नाही."

पंचनाम्याचाही हाच नियम. नोकरीभर मी तो दुसऱ्यांना शिकवला. त्या दिवशी डबे समोर लटकत होते, आणि मी मनातलं बघत बसलो होतो.