दोन्ही कान दिसले पाहिजेत

माणसाला देवाने दोन कान दिले आहेत ही गोष्ट माझ्या इल्फर्डच्या घरमालकांइतकी मनावर घेतलेला दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल. स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं पासपोर्ट फोटोचं दुकान तीस वर्षं चाललं. पूर्व लंडनमधल्या निम्म्या देशी माणसांची तोंडं त्यांनी पांढऱ्या पडद्यापुढे सरळ करून दिली होती. "हसायचं नाही, तोंड बंद, हनुवटी वर, दोन्ही कान दिसले पाहिजेत," हे ते मराठी, गुजराती, पंजाबी, बंगाली आणि इंग्रजी अशा पाच भाषांत सांगत, आणि पाचही भाषांत ते सारखंच दरडावल्यासारखं ऐकू येई. पगडीपुढे मात्र त्यांचा नाइलाज व्हायचा. तेवढा फोटो ते जरा दुःखी होऊन काढत. मुलीच्या लग्नाचा अल्बमसुद्धा त्यांनी स्वतःच काढलेला. अडीचशे माणसं, एकही हसत नाही. सगळं वऱ्हाड व्हिसाच्या रांगेतून थेट मांडवात आल्यासारखं दिसायचं.

माझी त्यांची गाठ कानांवरूनच पडली. व्हिसा वाढवायला मी क्रॉयडनला गेलो तेव्हा स्टेशनवरच्या मशीनमध्ये काढलेला फोटो नेला होता, आणि त्यात मी हसत होतो. हसायला कारण होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील बार्शीला ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक, आणि मी लंडनच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे. हे मी कुणी विचारायच्या आत सांगतो, आणि सांगायची सोय नसली की ते चेहऱ्यावर येतं. खिडकीतल्या बाईंनी फोटो परत दिला. तो घेऊन मी यांच्या दुकानात शिरलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "कुणी काढला हा?" "मशीनने." "मशीनला कान असतात का? मग दुसऱ्याच्या कानाची त्याला काय किंमत?" मग फॉर्मवरचं माझं आडनाव वाचून ते एकदम मराठीत आले. "ग्रॅज्युएट आहेस ना? मग सरळ बस." ते मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. साठच्या दशकात इंग्लंडात आले, आणि त्यांची मराठी त्या बोटीवर चढली तशीच राहिली. स्टुलाला ते 'इस्टूल' म्हणत आणि फोटोला कधीकधी 'तसबीर'. त्यांनी काढलेला एकही फोटो क्रॉयडनहून परत आला नव्हता, आणि हे तेही कुणी विचारायच्या आत सांगत. आमचं जमलं. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो आणि त्यांना काका म्हणू लागलो.

पुढे त्यांनी दुकान बंद केलं, पण दुकानाचे नियम चालूच राहिले. शनिवार हा त्यांचा सब्बाथ, म्हणजे काम न करायचा धार्मिक वार, म्हणून तीस वर्षं त्या दिवशी दुकानाला कुलूप असायचं. आता कुलूप लावायला दुकान नव्हतं, तर ते शुक्रवारी संध्याकाळी कॅमेरा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावत. बाकी ते फार कर्मठ नव्हते. शनिवारी बस चालायची, टीव्ही चालायचा. कॅमेऱ्याचं बटन दाबायचं नाही, एवढंच. "ते काम आहे," ते म्हणत, "बाकी सगळी करमणूक."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मला तो असा कळला की, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीला त्यांनी एकदा "गुड मॉर्निंग" केलं आणि उत्तर आलं नाही म्हणून ते दिवसभर नाराज होते. त्यांना ती लाल कोटातली शेजारीण वाटली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. काका घाबरले. घाबरलो असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मी एलियाहू हनबीला नवस बोललोय. आधी सिंहाचा फोटो, मग ऑपरेशन." एलियाहू हनबी हा त्यांचा प्रेषित; बेने इस्राएल नवस बोलतात ते त्यालाच. तीस वर्षं माणसांचेच फोटो काढले, जाता जाता एक सिंह काढायचा होता, आणि ऑपरेशन बिघडलं तर तो कायमचा राहून जाईल अशी त्यांना धास्ती होती. मँचेस्टरहून त्यांच्या मुलीचा मला फोन आला. ती इंग्लंडात वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत कोण कुठल्या लिंगाचं याचा भरवसा नसायचा. "डॅडीचा डोळा फार वाईट झाली आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, अजून थांबला तर रिस्क आहे. तो माझी ऐकत नाही. मी केनियाचा सफारी बुक केली, फोटोग्राफीवाला, गाइडबरोबर. तू जा ना त्याच्यासोबत. प्लीज, त्याला सिंह मिळू दे." इतकी वाकडी मराठी आणि इतकं सरळ बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी रजा टाकली.

मसाई माराच्या त्या कँपमध्ये बाकीच्या इंग्रजांच्या लेन्स तोफांएवढ्या होत्या. एकेक जण नाश्त्याच्या आधी तीनशे फोटो काढायचा. काकांकडे तीस वर्षांपूर्वीचा हाताने फोकस करायचा कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा एक रोल. आमच्या गाडीत आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. गाइडही तोच, पन्नाशीचा शांत माणूस. काकांनी पहिल्या मिनिटापासून त्याला 'दादा' केलं. त्यांचं बोलणं इंग्रजीत, पण हाक मराठीत. ड्रायव्हरला दादा म्हणायचं हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. "दादा, जरा डावीकडे घ्या. दादा, इंजिन बंद." दादा दरवेळी किंचित दचकायचा आणि मग निमूटपणे डावीकडे घ्यायचा.

काकांनी जनावरांनाही तेच नियम लावले. झेब्रे बाद, कारण ते आडवेच उभे राहतात. जिराफाचे कान उत्तम, पण चेहरा आणि मान एका चौकटीत बसेना. हत्ती समोर आला तेव्हा दादा कौतुकाने थांबला. काका म्हणाले, "यात कानच कान आहेत, माणूस कुठाय?" पाणघोड्याने मात्र त्यांना जिंकलं. "बघ, सगळं अंग पाण्यात, पण कान बाहेर. याला शिस्त म्हणतात." तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिला सिंह दिसला आणि त्याने मोठी जांभई दिली. शेजारच्या गाड्यांतून कॅमेऱ्यांचा नुसता पाऊस पडला. काकांनी कॅमेरा खाली ठेवला. "तोंड उघडं आहे. रिजेक्ट."

शनिवारी सकाळी आम्ही नुसतेच फिरायला निघालो. कॅमेरा कँपच्या कपाटात, किल्ली काकांच्या खिशात. आणि एका वारुळापाशी तो बसला होता. आयाळ भरलेली, तोंड बंद, नजर थेट आमच्याकडे, कान दोन्ही. मागे पांढुरक्या गवताचा सपाट पडदा. तीस वर्षांत दुकानात असं गिऱ्हाईक आलं नसेल. माझ्या खिशात छोटा डिजिटल होता. मी म्हणालो, "काका, मी दाबू?" "दाब," ते म्हणाले, "पण तो तुझा सिंह होईल. नवस माझा आहे." सिंह पाच मिनिटं त्या पोझमध्ये बसला आणि काका पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. मला मँचेस्टरचा फोन आठवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं विमान होतं.

रविवारी दादाने न सांगता पहाटेच गाडी काढली आणि थेट त्या वारुळाशी आणली. सिंह तिथेच होता, पण आज त्याने तोंड फिरवलेलं. एकच कान. चाळीस मिनिटं आम्ही त्याचा एक कान बघत बसलो. दादाने दोनदा घड्याळ पाहिलं. घरी गेल्यावर काकांच्या मुलीला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. आणि मग कॅमेरा डोळ्याला लावून बसलेले काका, बहुधा आपण कुठे आहोत हे विसरून, दुकानातल्या आवाजात म्हणाले, "इकडे बघा. तोंड बंद." सिंहाने वळून पाहिलं. अहो-जाहो ऐकायची त्याला सवय नसावी. एकच क्लिक झाला. "झाला," काका म्हणाले. "नेक्स्ट."

विमानपट्टीकडे जाताना दादा स्वतःहून बोलला. त्यांच्या स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. आणि 'काका' म्हणजे भाऊ. "तुम्ही मला पाच दिवस ताई म्हणताय, आणि हा मुलगा तुम्हाला भाऊ म्हणतोय. मला वाटलं, तुमच्या घरात जरा गोंधळ आहे." काका ओशाळले. "अरे, मग पहिल्या दिवशी बोलला का नाहीस?" दादा म्हणाला, "आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं चुकलेलं लगेच दुरुस्त करत नाहीत. त्याचं त्याला कळू देतात." उतरताना काकांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "थँक यू, दादा." आता त्यांना दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

इल्फर्डला आल्यावर रोल मी केमिस्टकडे धुवायला टाकला (तिकडे फोटो औषधांच्या दुकानातच धुऊन मिळत) आणि आणायलाही मीच गेलो. पाकीट दुकानातच उघडलं. सिंहाच्या जागी पिवळा डाग होता, मऊ, साबण फासल्यासारखा. मागचं गवत मात्र इतकं शार्प, की पातीन् पाती मोजावी. मी फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो. मी उघड बोलणारा माणूस आहे, ऑफिसात साहेबालाही तोंडावर सांगतो. पण खरं सांगितलं तर नवस अपुरा, आणि नवस अपुरा तर ऑपरेशन नाही. घरी येऊन मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि गप्प राहिलो. त्यांनी तो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. त्यांना तेव्हा सगळं जगच साबण फासल्यासारखं दिसत होतं. त्यात सिंह काही वेगळा पडला नाही. "कान बघ," ते म्हणाले. "दोन्ही." मी म्हणालो, "हो, काका." त्यांनी त्याच आठवड्यात हॉस्पिटलला होकार कळवला.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. मुलगी आणि मी बाहेर बसलो होतो. डॉक्टर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगून गेले. ती म्हणाली, "माझी जीव परत आला," आणि त्या वेळी मला ते व्याकरण बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरी त्यांच्या डोळ्यावरची झाकणी काढली. त्यांनी सगळ्यात आधी फोटो मागितला. बराच वेळ बघत राहिले. मी दाराशी उभा.

"हा कुणी काढला?"

"तुम्हीच, काका."

"तुला दिसत होतं हे?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं चुकलेलं लगेच दुरुस्त करत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. "क्रॉयडनने नसता घेतला," ते म्हणाले. "गवत मात्र चांगलं आलंय." आता नवस फिटला की नाही हा प्रश्न होता. त्यावर त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "सिंह काढीन एवढंच बोललो होतो. शार्प काढीन असं नव्हतो बोललो." मग मुलीकडून पोहे, नारळ, साखर आणि फळं घालून नवस फेडायचा मलिदा करवून घेतला, प्रार्थना म्हटली, आणि मला पहिली वाटी दिली. मी खात असताना ते माझ्याकडे टक लावून बघत होते. "हलू नकोस. तुझा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. तीन वर्षं माझ्या घरात राहतोस आणि मला दिसलं नाही."

पुढच्या हिवाळ्यात रिटेकला जायचं ठरलं होतं. तेवढ्यात माझं प्रोजेक्ट संपलं आणि मी पुण्याला परत आलो. रिटेक राहून गेला. निघताना काकांनी मला एक छोटं पाकीट दिलं. त्यात त्या सिंहाच्या पासपोर्ट साइजच्या चार प्रती होत्या, कडा बरोबर कापलेल्या. "दोन फॉर्मला, एक तुला, एक जादा," ते म्हणाले. सवयीने म्हणाले असतील. ते पाकीट अजून माझ्या पासपोर्टच्या कव्हरात आहे. कुणाला दाखवलं तर लोक विचारतात, हा पिवळा डाग कसला. मी त्यांना कान दाखवतो. दोन्ही दिसतात. मला तरी दिसतात.