स्टेशनसाहेबांचं घरचं माणूस

वाईट बातमी माइकवरून सांगायची नाही, असा आमच्या स्टेशनसाहेबांचा दंडक होता. विमान आलंय, दरवाजा उघडलाय, चला, हे सगळं माइकवरून खुशाल सांगा. पण विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झालं, की साहेब माइक बंद करायचे, शर्ट नीट खोचायचे आणि हॉलमधल्या एकेका खुर्चीसमोर जाऊन उभे राहायचे. सत्तर माणसं असली तर सत्तर वेळा तेच. "माइकला शिव्या देता येत नाहीत ना लोकांना," ते म्हणायचे. "समोर माणूस असला की राग बाहेर पडतो. पडू द्यावा." मग पोटभर शिव्या खाऊन लालबुंद चेहऱ्यानं परत यायचे आणि माझ्याकडे पाणी मागायचे.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. माधवगंजातली मुलगी, घरी मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. लहान लहान गावांना स्वस्त तिकिटात जोडणारी एक कंपनी ग्वाल्हेरला नवीनच आली होती आणि तिच्या काउंटरवर मला नोकरी लागली. साहेब इथले प्रमुख, म्हणजे स्टेशन मॅनेजर. त्यामुळे थाटीपुरात, त्यांच्या कॉलनीत, निम्मे लोक त्यांना रेल्वेचेच समजायचे आणि आरक्षणासाठी गळ घालायचे. साहेबही कुणाचा गैरसमज दूर करायचे नाहीत. सकाळी फिरायला जाताना खरोखर रेल्वेच्या खिडकीवर जाऊन त्यांचं तिकीट काढून आणायचे!

विमान कंपनी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय काय होतं! प्रत्यक्षात आम्ही एकूण सात माणसं. सकाळी जी मुलगी काउंटरवर बॅगांचं वजन करायची, तीच धावत जाऊन दरवाजाशी पास फाडायची आणि तीच उतरलेल्यांना सामान दाखवायची. मीच ती. पंख्यांचं एकच विमान दिवसभर पाच गावं फिरायचं. पहिल्या गावात धुकं पडलं की पाचव्या गावातल्या लोकांची रात्रीची जेवणं लांबायची. विमान आमच्याकडे उतरल्यापासून उडेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटं. तेवढ्यात माणसं उतरवा, सीटवरचे शेंगदाणे झाडा, नवी माणसं बसवा. माझे बाबा म्हणायचे, "विमानाची नोकरी म्हणून गेली आणि दिवसभर वजनकाटा बघत बसलीय." साहेबांना हे सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की पुढे काटा बिघडला की ते म्हणत, "बेटा, बाबांना बोलव."

पण वजनाचा खरा घोर उन्हाळ्यात. ग्वाल्हेरचं ऊन काय ते ग्वाल्हेरवाल्यांनाच ठाऊक. हवा तापली की पातळ होते आणि छोटं विमान एरवीएवढं वजन उचलत नाही. पायलट बोटांनी खूण करायचा, दोन माणसं कमी करा, चार कमी करा. दुसऱ्या ठिकाणी गुपचूप बॅगा मागे ठेवतात, प्रवाशाला तिकडे उतरल्यावर कळतं. साहेबांना ते बिलकुल पसंत नव्हतं. "बॅग बोलत नाही म्हणून तिला मागे ठेवायचं? हा पळपुटेपणा झाला." ते स्वतः हात जोडून विचारायचे, "उद्या गेलात तर चालेल का?" कुणी 'नाही' म्हणालं तर एक अक्षर न बोलता पुढच्याकडे. मी एकदा म्हटलं, "साहेब, निदान कारण तरी विचारा." तर म्हणाले, "नाही म्हणायला कारण लागत नाही बेटा. तिकीट आहे ना, तेच कारण." जो 'हो' म्हणेल त्याला मात्र ते स्वतःच्या स्कूटरवर घरापर्यंत सोडायचे.

आणि विचारायला सुरुवात करण्याआधी एक नियम. विमानात आपलं कुणी बसलं असेल तर ते आधी उतरणार. आता आपलं म्हणजे कोण? आमच्या काकू, साहेबांच्या पत्नी. त्यांची मुलगी पुण्याला असते. इंदूरमार्गे पुण्याला जाणारं आमचं विमान होतं आणि नोकरदाराच्या बायकोला सवलतीचं तिकीटही होतं, पण जागा रिकामी राहिली तरच. काकू इस्त्रीची साडी नेसून, बेसनलाडवांचा डबा घेऊन यायच्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या. साहेब लांबूनच मान हलवायचे. काकू उठायच्या, डबा माझ्या हातात द्यायच्या, "खाऊन टाका गं, ती आता तिकडचेच खाईल," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेनं जायच्या. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा तर त्या आत जाऊन बसल्या होत्या, पट्टाही बांधला होता. आम्ही निर्लज्जपणे पाचही वेळा लाडू खाल्ले. अजून त्यांची चव आठवली की मला लाज वाटते.

साहेब यावर कधी बोलायचे नाहीत. एकदा फक्त मुलीचा फोन आला होता आणि नेमका स्पीकर सुरू राहिला होता. ती म्हणत होती, "बाबा, साऱ्या ग्वाल्हेरला विमानात बसवलंत तुम्ही. आईला कधी बसवणार?" साहेबांनी घाईघाईनं फोन बंद केला. मग बराच वेळ ते त्याच त्या कागदावर आकडे तपासत बसले. जाताना मला म्हणाले, "पोरगी खरं बोलली." बस, तेवढंच. पण त्यांच्या जिवाला ते किती लागलंय ते त्या दिवशी मला कळलं. तसे ते स्वतःही कधी विमानात बसले नव्हते. कंपनीची बैठक असली तरी रेल्वेनं जायचे आणि "माझी जागा विकली जाईल," म्हणायचे.

मग व्हायचं ते झालं. कंपनीनं एकेक गाव बंद करायला सुरुवात केली आणि आमचा नंबर लागला. साहेबांनी मुलीकडे पुण्याला राहायला जायचं ठरवलं आणि ग्वाल्हेरहून सुटणाऱ्या शेवटच्या विमानाची दोन तिकिटं काढली. सवलतीची नाही हं, पक्की, तुमच्या-माझ्यासारखी. त्या दिवशी काउंटरवर गिऱ्हाइकासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "आज तू साहेब." मी काकूंना खिडकीची जागा दिली. आमचे सामान चढवणारे रामस्वरूपभाई बॅग उचलताना म्हणाले, "आज तो मैडम जाएँगी ही जाएँगी." काकू नुसत्या हसल्या.

विमान मेलं उशिरा आलं! सकाळचं दुपारी. जेठाचं ऊन, पत्रा हाताला चटका देत होता. सगळे बसले, दार लावायचं एवढ्यात पायलटनं मला बोलावलं आणि दोन बोटं दाखवली. शेवटचं विमान, 'उद्या' म्हणायला उद्याच नाही. मी मधल्या वाटेत उभी राहून हात जोडले आणि साहेबांकडे बघितलं.

साहेब उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आज पहिल्यांदाच, आपलं माणूस आधी न उतरवता, पहिल्या रांगेपासून विचारत गेले. रेल्वेची व्यवस्था मी करतो, म्हणाले. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा. कुणी नुसतीच मान फिरवली. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन ते परत आपल्या जागेशी आले. मला कळलं आता काय होणार. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नका हो साहेब, निदान आज तरी नका.

"चल," ते काकूंना म्हणाले. "आपण दोघं उतरू."

काकूंनी मान वर केली. "मला विचारलंत का?"

"अगं, वेळ नाहीये."

"सगळ्यांना विचारलंत. मलाही विचारा. तिकीट आहे माझ्याकडे."

सगळं विमान वळून बघायला लागलं. साहेब गोंधळले. मग खरोखरच त्यांनी बायकोसमोर हात जोडले आणि दुसऱ्या कुठल्याही प्रवाशाला विचारावं तसं विचारलं, "बाई, आज नाही गेलात तर चालेल का?"

"नाही," काकू म्हणाल्या. आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

मागून कुणी तरी हसलं. मग मुरारच्या छावणीतला एक जवान, मघाशी ज्यानं मान फिरवली होती, तो उठून उभा राहिला. "माताजी, आप बैठिए. साहब के साथ मैं उतरता हूँ," म्हणाला आणि आपली पिशवी काढायला लागला.

साहेब जिना उतरून आले तेव्हा मला वाटलं, आता ह्यांचा चेहरा बघवणार नाही. बघते तर काय, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू! "बेटा, ऐकलंस? नाही म्हणाली! तोंडावर नाही म्हणाली!" विमान उडालं, दिसेनासं झालं, तरी हे उन्हात उभेच. शेवटी मी हाताला धरून आत आणलं. संध्याकाळच्या गाडीनं त्या जवानाला शेजारी बसवूनच ते पुण्याला गेले.

पुढे फोन केला की ते हाच किस्सा सांगायचे. काकूंना किल्ला कसा अख्खा दिसला, तलाव कसा ताटलीएवढा, माधवगंजातल्या गच्चीवर वाळत घातलेली कुरडईसुद्धा कशी दिसली. दर वेळी ग्वाल्हेर थोडं वाढलेलं असायचं. "हिला इतकी हौस होती आणि मला मेल्याला कळलं नाही," असं म्हणायचे आणि खूश व्हायचे.

गेल्या थंडीत साहेब गेले. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. उशीर झाला की अजून खुर्चीसमोर जाऊन उभी राहते, सोबतची पोरं म्हणतात, "मॅडम, अनाउन्स कर दो ना." रजा मिळाल्यावर पुण्याला काकूंना भेटायला गेले. बोलता बोलता म्हटलं, "काकू, कुरडई कशी दिसली हो तुम्हाला एवढ्या वरून?"

"कसली कुरडई!" काकू म्हणाल्या. "इंदूर येईपर्यंत डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत होते मी. ते घरघरणारे पंखे, तो हादरा. हे विचारायचे, मी सांगत सुटायचे. रोज काही तरी नवीन लागायचं ह्यांना."

"इतकी भीती वाटत होती, तर मग उतरला का नाहीत?"

काकूंनी पदरानं चष्मा पुसला.

"पाच वेळा मला सोसलं गं," त्या म्हणाल्या. "सहावी वेळ ह्यांना सोसली नसती."