आमचं गाजलेलं गाणं आणि आईचं गाणं

मंडळी, आत्ताच धरणगावहून हळदीचा कार्यक्रम करून आले. मन मोकळं करायचंय.

मी आणि किशोरभाऊ, आमची जोडी अहिराणी गाणी गाते. आजवर बावीस गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं दीर-भावजयीच्या भांडणाचं एकच ट्रेंडिंगमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. तेव्हापासून सगळ्यांना तेवढंच हवं असतं. माझी आई गेली, त्या आठवड्यातही मी ते हसत गायलं होतं.

आज ते तीनदा झाल्यावर मी आईवर रचलेलं नवं गाणं धरलं. एक आजीबाई ओरडल्या, "बाई, रडानं गानं नको, तेच म्हन!"

मी गातच राहिले. तेवढ्यात मागून किशोरभाऊंनी कीबोर्डवर तीच जुनी चाल सुरू केली. मी वळून पाहिलं, तर म्हणाले, "ताई, लोकेस्ले तेच जोयजे." लोकांना तेच हवं.

आईचं गाणं अर्ध्यावर सोडून मी हसत हसत तेच गायले. मांडव नाचला.

परतताना त्यांनी विचारलं, "राग उना का?" मी म्हटलं, राग नाही आला. उद्या जामनेरला दोघांना तेच गायचंय.

खरं सांगा, आमचं दुसरं एखादं गाणं तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का?