बाईच्या हातची रक्षा

पवित्र नदीला बाईचा हात चालत नाही, हे तुम्हाला नदीने सांगितलं का?

काल पोलादपुरात शेजाऱ्यांनी काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू फोडला. तांब्याच्या त्या वासाने मला काशीच्या घाटावरची आत्या आठवली. तशाच गडूत नवऱ्याची रक्षा घेऊन ती उभी होती.

"कोई मर्द नहीं?" पंड्याने पान चघळत विचारलं, आणि सरळ नावाड्यालाच पुढे केलं. नात्याचा ना गोत्याचा, पण पुरुष!

"वर्षभर ह्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. तेव्हा कुठं होता रे तुझा बापया?" म्हणत आत्या कमरेएवढ्या पाण्यात शिरली. लोक बघतात म्हणून मी तिचा पदर मागे ओढत होते.

पंड्याइतकीच आज त्या माझ्या हाताची किळस येते. तुमच्या घरची रक्षा इथल्या सावित्री नदीत सोडाल, तेव्हा ती बाईच्या हाती द्या.