दोन टेबलांवरचा कसाऱ्याचा घाट

शेजारच्या काकांनी कसाऱ्याचा घाट दोन टेबलांवर उभा केला. खऱ्या घाटात नसतील इतके कडे त्यात होते, सगळे थर्माकोलचे. बांधकाम दोन वर्षं चाललं. त्या काळात काकूंच्या आमटीलाही डिंकाचा वास यायचा, आणि एकदा मला पोह्यांत बोगद्याचा तुकडा सापडला. शपथेवर सांगतो; शपथ घ्यायला मी कधी कंजुषी केलेली नाही.

काका रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. नोकरीभर घरी उशीर झाला की एकच सांगायचे, "घाटात गाडी अडकली." काकूंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "अडकते म्हणे! गाडी आहे की म्हैस?" तो चढ काय चीज आहे, हे बायकोला एकदा दाखवायचं, म्हणून हा सगळा खटाटोप.

छोट्या गाड्यांचं प्रदर्शन नाशिकरोडच्या एका मंगल कार्यालयात होतं. गर्दी एवढी, की त्र्यंबकेश्वराची रांग त्या दिवशी मोकळी पडली असणार. चाळीसेक माणसं तर नक्की होती.

काका वायरचं भेंडोळं घेऊन प्लग शोधायला गेले, तेवढ्यात मी पिशवीतला नारळ काकूंपुढे धरला. आपल्याकडे नवी सायकलसुद्धा पूजेवाचून फाटकाबाहेर पडत नाही. काकूंनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, मग चढावरच्या रुळांवर पाची बोटं ओढली आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. या गाड्यांना वीज रुळांतून, चाकांवाटे मिळते, हे आम्हा दोघांना कुठं ठाऊक!

काकांनी बटण दाबलं. गाडी झोकात निघाली, चढाला लागली आणि दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी गप्प उभी राहिली.

"काका, ड्रायव्हर चहाला उतरला का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

काका वाकले. रुळांवर लाल चिखल. त्यांनी काकूंच्या लाल बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होतो, सतरा भरली.

काका सरळ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "घाटात गाडी अडकली."

काकूंनी चष्मा चढवून तो चढ पहिल्यांदा नीट पाहिला. खालची दरी पाहिली, बोगदा पाहिला.

"अहो, मग आता?"

"मागून बँकर जोडायचे. ढकलायला जास्तीची इंजिनं असतात ती."

"आणि ती नसली तर?"

"तर बसून राहायचं. घरी उशीर होतो."

काकूंनी बांगड्या मागे सारल्या, शेवटच्या डब्याला एक बोट लावलं आणि ढकललं. इंजिन चिखलाबाहेर, कोरड्या रुळावर आलं, थरथरलं आणि आपलं आपण चढू लागलं.

"एवढंच होतं," काकू म्हणाल्या, "तर मला बोलवायचं होतं तेव्हा."

टेबलावरची इगतपुरी येईपर्यंत काका तोंडानं शिट्टी वाजवत राहिले.