अंदमानात कणकेचे गोळे

आधी चहा संपवा, मग हसा. असला गाढवपणा पिंप्राळ्यात माझ्याशिवाय कोणी केला नसेल!

माझे मोठे भाऊ, नाना. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. वहिनी गेल्या आणि माणूस गप्पच झाला. तीन महिने रडणं नाही, बोलणं नाही. वाढलं तर जेवायचं, नाहीतर भिंतीकडे बघत बसायचं.

तरुणपणी नानांना तापीवर गळ टाकून बसायचा भारी नाद. म्हटलं, नेऊ या अंदमानला! तिथे प्रवाळाच्या कडेला पर्यटकांना बोटीतून मासे धरायला नेतात.

एका बोटवाल्या चाचांना फोन लावला, तर नाना शेजारच्याच खोलीत. बेत फुटू नये म्हणून मी दबक्या आवाजात, आपल्या जळगावी हिंदीत म्हणालो, "भाभी गुजर गयी. भाई को लेके आता हूं. गहरे पानी में छोडना है."

चाचा थबकले. "सामान आप लायेंगे?" मला वाटलं, आमिषाचं विचारतायत.

"डब्बे में लाता हूं. भाई के सामने बात मत निकालना."

"समझ गया, बेटा."

काय समजले? मी कुठे विचार केला!

अंदमानात पोचलो, सकाळी धक्क्यावर बघतो तर बोटीत पांढऱ्या फुलांची टोपली. गळ एकही नाही! वाटलं, तिकडची पद्धत असेल. निघालो. पाणी इतकं नितळ की खालचे प्रवाळ दिसत होते. चाचांनी इंजिन बंद केलं, मान खाली घातली आणि दोन्ही हात पुढे केले. मी आमिषाचा डबा दिला.

आत माझे कणकेचे गोळे.

"पिंड हैं ना?" चाचा हळूच म्हणाले आणि डबा नानांपुढे धरला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही वहिनींचे विधी करायला आलोय, असं समजले होते हो ते!

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "हाई काय शे? कसले गोळे हे?"

मी डब्याचं झाकण शोधायला खाली वाकलो.

चाचांनीच नानांना विचारलं, "भाभी का नाम क्या था?"

नानांनी डब्यातला एक गोळा उचलला.

"सुमन," नाना म्हणाले. आणि फुटले. एकेक गोळा पाण्यात सोडत होते, खाली रंगीत माशांची झुंबड उडत होती, आणि नाना मोडक्या हिंदीत त्या परक्या माणसाला सांगत होते, शेवटच्या दिवशी तिने पाणी मागितलं होतं. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून मी दिलं नाही.

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

परतताना मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता देतात एक कानाखाली!

नानांनी नाक पुसलं. "येड्या, मासे धरायला इतक्या लांब आणलंस? मी तीन महिने वाट बघत होतो, घरात कोणी तिचं नाव तरी काढेल म्हणून."

आता तोंड कुठे लपवू, सांगा! नानांसमोर वहिनींचं नाव काढायचं नाही, असं घरात एकेकाला बजावणारा मीच होतो.